पलंगाबरोबर गेलेली घंटी

श्री. दादासाहेब यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून लिहीत नाही. पुढच्या खोलीतला पलंग गेल्यापासून तिथे माणसाला खरोखर आडवं होऊन नमस्कार घालता येईल एवढी जागा झाली आहे, आणि ती आपल्याच कृपेने झाली आहे.) आपली कंबर कशी आहे? वहिनींचे गुडघे? धाकट्या नातवाला दात आले असतील, आणि आजोबांचे गेले असतील तर ते त्याच्या कामी आले असं समजावं. इकडे मी ठीक आहे, म्हणजे फोन वाजला तर उचलू शकेन इतपत ठीक आहे. आपला फोन मात्र गेले अकरा दिवस एकदा टुक करतो आणि बंद पडतो. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, बाबा, मामाने तुम्हाला ब्लॉक केलंय, आणि ते चुकून होत नाही, त्यासाठी दोन ठिकाणी दाबावं लागतं. फोनचा टॉर्च पेटला तर तो विझवायला शेजारी जाणारे आपण, या वयात एवढं शिकलात याचं मला कौतुक वाटलं. म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात पत्रं टाकली आहेत. पत्र ब्लॉक करता येत नाही. ‘घेणार नाही’ असा शेरा मारून परत पाठवता येतं, पण तसं करणारा माणूस आधी पाकीट उजेडात धरून बघतोच, हे मी हजार वेळा पाहिलं आहे. शिवाय हे रजिस्टर पत्र आहे. पोचपावतीवर सही आपण स्वतः करावी, वहिनींना पुढे करू नये.

पलंग विकायला काढल्यावर आपण तिन्ही रविवार माझ्या घरी हजर होतात, तरी त्यातला बराच वेळ आपले डोळे मिटलेले होते. तेव्हा काय काय झालं ते पहिल्यापासून लिहितो. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, शेवटचे चौदा महिने ज्या पलंगावर होती, तो ती गेल्यावर मागच्या खोलीत तसाच पडून होता. दवाखान्यात असतो तसला. पायाशी दांडा, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते, दोन्ही अंगांना लोखंडी कठडे, वर हवेची गादी आणि ती फुगती ठेवणारा पंप. तो पंप दिवसरात्र घुरघुरायचा, आणि बंद केल्यापासून मला झोप लागत नव्हती. मी त्या खोलीत जाईनासा झालो. कपडे वाळत घालायची दोरी त्या खोलीपलीकडे, म्हणून मी कपडे धुणंही कमी केलं. हे आपल्या भाचीला फोनवरून कसं कळलं देव जाणे, पण ती म्हणाली, बाबा, पलंग विकून टाका, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मी बरं म्हणालो. मी बरं म्हणताच तिला भीती वाटायला लागली. म्हातारा एकटा माणूस, जाहिरात वाचून दारात येणारे कोण कुठले लोक, आणि पेपरात रोज काय काय येतं. दोन दिवसांनी तिने मला अकरा नियम पाठवले.

ते नियम मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवले आणि दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवले. (नियम दिसेल असा लावावा, ही खात्याची शिस्त.) पहिला नियम, परकं माणूस येणार असेल तेव्हा घरात एकटं असू नये, आपलं एखादं माणूस बसवावं. दुसरा, आपण एकटे राहतो हे कळू देऊ नये. तिसरा, येणाऱ्याला पुढच्या खोलीपलीकडे नेऊ नये. चौथा, जाहिरातीत स्वतःचं नाव, नंबर देऊ नये, येणाऱ्याचा मात्र टिपून ठेवावा. पाचवा, वस्तू का विकतो आहोत ते सांगू नये. पुढचे सहा कुलूप, साखळी, उजेड, पैसे आणि किमती वस्तू यांच्याविषयी होते. एकतीस वर्षं परक्यांची दारं वाजवण्यात गेली, उन्हात कोणी पाणी दिलं, कोणी मुलाची नोकरीची पत्रं माझ्याकडूनच वाचून घेतली, आणि आता मला दाराला साखळी लावून फटीतून बोलायला शिकावं लागलं. पण लेकीला नाही म्हणवेना. तिची आई गेली होती, आणि बाप तेवढा तरी जागेवर राहावा असं तिला वाटत होतं.

पहिल्या नियमासाठी तिने आपल्याला फोन केला. चौदा महिन्यांत आपण किती वेळा आलात हे मी मोजलेलं नाही, कारण एकावर येऊन थांबणारी मोजणी मला येत नाही. त्या एका खेपेलाही आपण दारातूनच तिला हात केलात आणि औषधाच्या वासाने मळमळतं म्हणून खाली पान खायला गेलात, ते परत आला नाहीत. पण पलंग राखायला मात्र आपण लगेच तयार झालात. तिच्या माघारी का होईना, दादा पलंगापाशी येऊन बसले, एवढंही थोडकं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात, पण निदान घोडं आलं तरी. चौथ्या नियमासाठी जाहिरातीत नंबरही आपलाच दिला. येणाऱ्यांची नावं टिपायचं काम आपल्याकडे होतं, आणि आपण ती फोनमध्ये ‘पलंग एक’, ‘पलंग दोन’, ‘पलंग तीन’ अशी टिपलीत. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

पहिल्या रविवारी सकाळी आपण दोघांनी तो पलंग तिसऱ्या नियमाप्रमाणे पुढच्या खोलीत आणला. (दोघांनी म्हणजे मी ढकलला आणि आपण ‘जरा डावीकडे’ म्हणालात.) आणल्यावर कळलं की खोलीत आता फक्त पलंग आहे. खुर्च्या आत गेल्या, तिपाई आत गेली, दार जेमतेम अर्धं उघडत होतं. दुसऱ्या नियमासाठी मी दाराबाहेर सहा जोड पायताणं मांडली. माझी दोन, आपली एक, जावयाचे इथे राहून गेलेले बूट, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सपाता, आणि तिच्या चपला. तिच्या बाहेर ठेवताना हात जरा थांबला, पण बाईमाणसाच्या चपला दिसल्या की घर भरलेलं वाटतं, असं लेकीचं म्हणणं. तिचा फोटोही भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, कारण फोटोवरून सगळं कळतं. एवढं होईतो आपल्याला दम लागला, आणि बसायला दुसरी जागा नाही म्हणून आपण पलंगावर टेकलात. मग टेकलात ते लवंडलात, आणि लवंडलात ते घोरायला लागलात.

तेवढ्यात ‘पलंग एक’ आले. चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. बाहेरची पायताणं पाहून ते दारातच थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, भेटायला लोक आलेले दिसतात, आम्ही चुकीच्या वेळी आलो का? मी म्हणालो, नाही, सगळी घरचीच माणसं आहेत, आत आहेत. (आत रेडिओ होता.) मग साखळी काढली, तर समोर आपण, तोंड उघडं, एक हात कठड्याबाहेर लोंबतोय. बाईंनी पदर तोंडाला लावला. चष्मेवाले बराच वेळ आपल्याकडे बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, अहो, पण हा तर अजून वापरात आहे. मी म्हणालो, नाही, ते राखणीला आहेत. ते म्हणाले, कोणाच्या? ते निघून गेले, आणि जाताना त्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘काळजी घ्या त्यांची’ असं सांगितलं. मी घेतो आहे, दादासाहेब. हे पत्र त्याचाच भाग आहे.

दुसऱ्या रविवारी आधी एक फोन आला. फार गोड माणूस. पलंग न बघताच घेतो म्हणाला, सांगितली ती किंमत देतो म्हणाला, फक्त आपल्या फोनवर सहा आकडे येतील ते त्याला वाचून दाखवायचे होते. आपण चष्मा लावून वाचायला बसलात. मी स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा चार आकडे सांगून झाले होते, पाचव्याला मी फोन हिसकावला, आणि आपण मला ‘संशयी’ म्हणालात. फोनवर आलेले आकडे कोणाला सांगू नयेत, हा आठवा नियम दारावर तीन फुटांवर होता. पुढच्या आठवड्यात आपण बँकेत जाऊन सगळं ठीक असल्याची खात्री करून आलात, ते मला नाही, वहिनींनी लेकीला सांगितलं.

दुपारी ‘पलंग दोन’ आल्या. नर्सबाई, पन्नाशीच्या, रुग्णांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या. त्यांनी कोणाला काही न विचारता दांडा फिरवला, कठडा खाली-वर केला, गादीवर तळहात टेकून हवा कुठून निसटते ते दोन मिनिटांत शोधलं. चौदा महिन्यांत मला ते सापडलं नव्हतं. ती म्हणूनच डाव्या कुशीवर ठेवलं की कण्हायची, हे मला त्या दुपारी कळलं. मग बाईंनी विचारलं, का विकताय? पाचवा नियम. मी म्हणालो, गरज संपली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, वा, बऱ्या झाल्या वाटतं? आणि मी हो म्हणालो, दादासाहेब. म्हणालो, हो, आता काही त्रास नाही. एवढंच म्हणून थांबलो असतो, पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही. म्हणालो, हिंडते-फिरते, आत्ता बाजारात गेलीय. त्यांच्या रुग्णाच्या घरच्या लिफ्टमध्ये हा पलंग मावणार नव्हता, तेव्हा त्या जायला निघाल्या. आणि निघताना बाईंना दाराची आतली बाजू दिसली. त्यांनी सगळा पुठ्ठा वाचला, अकराच्या अकरा, ओठ हलवत. पाचव्यापाशी थांबल्या. मग माझ्याकडे न बघता चपला पायात सरकवत एवढंच म्हणाल्या, कधी गेल्या? मी तारीख सांगितली. आपण तेव्हा गॅलरीत पान थुंकायला गेला होतात.

आता तिसरा रविवार. त्याबद्दल आपलं आणि माझं एकमत व्हायचं नाही, म्हणून जे झालं तेच लिहितो. ‘पलंग तीन’ म्हणजे टेम्पोवाला. अंगाने दणकट, बोलायला कमी. आईसाठी हवा होता. त्याने किंमत पाडली नाही, गादीची गळती मी आपणहून दाखवली तर म्हणाला, पंक्चर काढतो मी, रोजचंच आहे. पैसे परक्यासमोर ठेवू नयेत हा दहावा नियम, म्हणून मी आत गेलो. कपाट उघडलं तर तिचा फोटो समोर. तिथे दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. बाहेर आलो तोवर त्याने आणि त्याच्या जोडीदाराने पलंग जिन्यातून खाली नेला होता. आपण हात झटकत उभे होतात, काम केल्यासारखे. मी आपले आभार मानले. खिडकीच्या कट्ट्यावरची जागा मोकळी झाली आहे हे माझ्या संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं.

तिथे ती घंटी होती. सायकलची. त्या सकाळीच मी ती पलंगाच्या कठड्यावरून सोडवून, पुसून, कट्ट्यावर ठेवली होती. निवृत्त झालो तेव्हा खात्याची सायकल खात्याला परत दिली, पण घंटी मी स्वतःच्या पैशाने बसवली होती, ती काढून घेतली. बाकीच्या किमती वस्तू नियमाप्रमाणे कुलपात होत्या. ही किमती आहे असं कोणत्याच यादीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा आपण सहज म्हणालात, अहो ती ना, तो माणूस वर काहीतरी द्या म्हणून हट्ट धरून बसला, मी दिली, कठड्याला बसवूनही दिली. चौदा महिन्यांत आणि तीन रविवारांत या घरात आपण हाताने केलेलं एकमेव काम ते. मग मी जे बोललो ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. चोरांपासून घर राखायला ज्याला बसवला त्यानेच घराबाहेर वस्तू काढून दिली, कुंपणानेच शेत खाल्लं, असंही बोललो. ते मी मागे घेत नाही. दुसऱ्या दिवशी आपण थोरल्या नातवाच्या हाती कोरी करकरीत घंटी पाठवलीत, बटण दाबलं की निरनिराळे सहा आवाज काढणारी. ती मी त्यालाच देऊन टाकली.

ती घंटी कशाची हे आपल्याला ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नाही, ती वाजत होती तेव्हा आपण घरात नव्हता. म्हणून सांगतो. तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण डाव्या हाताचा अंगठा चालत होता. मी ती घंटी कठड्याला बसवली आणि आमचं ठरलं. एकदा वाजली की पाणी. दोनदा म्हणजे कूस बदल. तीनदा म्हणजे काही काम नाही, नुसतं ये. पहिले महिने मी तीनवर धावत जायचो. नंतर नंतर ‘आलो, आलो’ म्हणून पेपर वाचत बसायचो. पुढे पुढे तिच्यावर ओरडायलाही लागलो, की काम नाही तर बोलावतेस कशाला. आणि एका दुपारी, हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही, मी तेल घालायच्या निमित्ताने घंटी सोडवून खिडकीच्या त्याच कट्ट्यावर ठेवली आणि दोन तास झोपलो. उठून आलो तेव्हा ती जागी होती, कट्ट्याकडे बघत होती. आपल्यावर जेवढं ओरडलो त्यातलं अर्धं त्या दुपारचं होतं. म्हणून ती घंटी मला परत हवी आहे. ती पुसून ठेवली म्हणून झालेलं पुसलं जात नाही, हे मला कळतं, पण ती दुसऱ्याच्या घरी एकदा, तीनदा वाजत असेल आणि त्यांना त्याचा अर्थ माहीत नसेल, हे माझ्याच्याने सहन होत नाही.

अकरा दिवस मी शोधतो आहे. टेम्पो उभे राहतात त्या तिन्ही नाक्यांवर जाऊन आलो. नाव काय म्हणतात, तर नाव नाही. गाडीचा नंबर? नाही. राहतो कुठे? माहीत नाही. आईसाठी पलंग नेला, एवढंच. एकाने मला पाणी दिलं आणि विचारलं, आजोबा, घरचे कुठे आहेत तुमचे? दादासाहेब, मी नोकरीत असताना ‘विहिरीसमोरच्या, हळू बोलणाऱ्या काकूंना’ एवढ्याच पत्त्याचं पत्र त्याच दिवशी बिनचूक पोचवलं होतं, साहेबांनी पाठ थोपटली होती. आणि माझ्या स्वतःच्या दारातून, दिवसाढवळ्या, अकरा नियमांच्या देखत एक माणूस बिनपत्त्याचा निघून गेला.

असो. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असेल तर जास्तच असेल, कमी नाही.

आपला,
जो आपल्या घरचा जावई असूनही इतकी वर्षं मान मागत नाही, तो

ता. क. सोबत एक कोरं कार्ड आहे. त्यावर माझा पत्ता मी लिहिला आहे, तिकीटही लावलं आहे. आपल्या फोनमधून ‘पलंग तीन’चा नंबर काढून तेवढा त्यावर लिहावा आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकावा. बाकी एक अक्षर लिहू नये. दिलगिरीही नको, तिला जागा लागते आणि कार्ड लहान आहे.

ता. क. दोन. कार्डाचा विचार रद्द. वरचं लिहून गुरुवारी ठेवलं, शुक्रवारी टपाल कचेरीला सुट्टी होती, आणि आज शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात असताना घंटी वाजली. तीच. मी ‘आलो, आलो’ म्हणालो आणि ओल्या हाताने निघालो ते मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे कोणी नव्हतं. परत वाजली, ती दारावर. वीज गेली होती, दारावरचं बटण चालत नव्हतं, म्हणून टेम्पोवाल्याने हातातलीच वाजवली. मी साखळी लावली नाही आणि फटीतून बघितलंही नाही.

त्याची आई नऊ दिवस त्या पलंगावर होती. मंगळवारी गेली. घंटी किती वेळा वाजवली तिने, मी विचारलं. तो म्हणाला, एकदाही नाही काका, मी गाडी उभी करून घरीच होतो, वाजवायची वेळच आली नाही. तेवढ्यावरून मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, वर काही द्या म्हणून तुम्ही हट्ट धरलात, मग परत कशी आणलीत? तर तो म्हणाला, मी कुठे काय मागितलं? तुमच्या त्या दादांनीच दिली. नको म्हणालो, तर म्हणाले, ‘माझ्या बहिणीची आहे. मी तीन-चारदा आलो होतो बघायला, पण खाली जिन्यातच ही ऐकू यायची आणि पाय वर चढायचा नाही. तसाच परत जायचो. भावोजी आत आहेत तोवर घेऊन जा, इथे राहिली तर ते दिवसभर हिच्याकडे बघत बसतील.’ आणि स्क्रू आवळताना, तो म्हणाला, त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून मला नाही म्हणवलं नाही.

दादासाहेब, पाचवा नियम आपण मोडलात. का विकतो ते परक्याला सांगू नये. मला सांगितलं नाहीत, लेकीला नाहीत, आणि ज्याचं नावही टिपलं नाही त्याला सांगितलंत.

हे ऐकून मला बरं वाटलं नाही, उलट राग आला. आपल्यावर रागावून मी चौदा महिने काढले, त्या रागाला टेकून उभा होतो, आणि तो असा काढून घेतलात, तेही न विचारता. माफ केलं असं समजू नये. आमचा जिना अठरा पायऱ्यांचा आहे. आपण चढला असतात, तर ती काही बोलणार नव्हती, तिला बोलता येतच नव्हतं. ती तीन वाजवायची आणि दाराकडे बघायची. मला वाटायचं, मला बोलावते आहे. आता वाटतं, त्यातली काही तीन आपल्यासाठी असतील, आणि आपण ती खाली उभे राहून ऐकलीतही.

वरचं पत्र फाडून नवं लिहावं असं मनात आलं होतं. पण लिहिलेलं पत्र पोचतं करायचं, ही हाडाची सवय आहे. रजिस्टरने पाठवलं तर वेळेवर मिळेल याची खात्री नाही (हे मी बोललो असं कोणाजवळ सांगू नये), म्हणून आज संध्याकाळी स्वतः आणून आपल्या खालच्या पेटीत टाकतो आहे. वर येणार नाही. तसं का, ते आपल्याला समजावून सांगायला नको.

ता. क. तीन. उद्या रविवार. चाकाची खुर्ची विकायची राहिली आहे आणि ती बघायला अकरा वाजता माणसं येणार आहेत. नियम पहिला, घरात एकटं असू नये. तेव्हा यावं. पलंग नसल्यामुळे आपल्याला झोपता येणार नाही, जागं राहूनच राखण करावी लागेल. तिचा फोटो परत भिंतीवर लावला आहे, कोणाला काय कळायचं ते कळू दे. घंटी दाराला बाहेरून बसवली आहे. (आपण आवळलेला स्क्रू ढिलाच होता, असं टेम्पोवाला म्हणाला.) जिन्यात थांबू नका. वर या आणि तीनदा वाजवा.